डॉक्टरबाईंच्या टेपची जप्ती

डॉक्टरबाईंची टेप एकदा तपासून बघावी, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. तेवीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासतोय. समोर कुठलंही माप आलं की माझा हात आपोआप सीलच्या लाखेकडे जातो.

झालं असं, की ऑफिसच्या वार्षिक आरोग्य तपासणीत माझे रिपोर्ट बिघडले. डॉक्टरबाईंनी ते टेबलावर पसरले, मला उभं केलं आणि पोटाभोवती एक कापडी टेप गुंडाळली.

"एकशे तीन सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "नव्वदच्या आत हवं. शिवाय बीपी जास्त, उपाशीपोटीची साखर जास्त, ट्रायग्लिसराइड्स जास्त. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाच खुणा असतात, त्यातल्या तीन भरल्या तरी पुरे. तुमच्या चार आहेत."

(पाचपैकी चार मला शाळेतही कधी मिळाले नव्हते.)

"म्हणजे चार आजार?"

"मूळ एकच. पोटाच्या आत चरबी साठली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही. मग साखर, बीपी सगळे हातात हात घालून वाढतात आणि एक दिवस हृदयावर येतं. घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"वडील. त्रेपन्नाव्या वर्षी गेले."

"तुमचं वय?"

"एक्कावन्न."

बाईंनी ते रिपोर्टवर लिहून खाली रेघ मारली. मला घाम फुटला. घाम फुटला की मी नियमांवर येतो.

"मॅडम, माझी पँट छत्तीस इंचाची आहे. बारा वर्षं त्याच दोन पँटी घालतोय, अजून व्यवस्थित बसतात. म्हणजे दोष टेपमध्ये आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. तोपर्यंत मी पंचनाम्याचा कागद काढला होता. पंच म्हणून कंपाउंडर आणि बाहेर बसलेले एक खोकणारे गृहस्थ मिळाले. टेप पाकिटात घालून, लाख लावून ताब्यात घेतली आणि बाईंना पावती दिली. बाईंनीही मला एक चिठ्ठी दिली. रोज पाऊण तास चालणं, गोड बंद, तळलेलं बंद, तीन महिन्यांनी परत तपासणी. फरक नसेल तर गोळ्या.

घरी आलो. बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करते. मी झालेला पराक्रम सविस्तर सांगितला. मशीन थांबलं.

"अहो, टेप परत देऊन या."

"का?"

"पँट तुम्हाला बसते, कारण मी ती दरवर्षी उसवते. शिवणीत जास्तीचं कापड ठेवलेलं असतं ना, ते सोडत गेले. तीन वर्षांपूर्वी ते संपलं. मग मागे त्रिकोणी पट्टी घातली."

मी आतल्या खोलीत जाऊन पँट उलटी केली. पट्टी होती. जुन्या पडद्याची होती.

"म्हणून तू मला शर्ट बाहेर सोडायला सांगतेस?"

"हो."

(मी तरुण दिसतो म्हणून, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं.)

तेवीस वर्षं मी गावभरची खोटी मापं पकडली आणि माझ्याच घरात, माझ्याच कमरेवर, हा कारभार चालला होता. मी आवाज चढवणार होतो, पण तिचे डोळे भरले होते.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पहिल्यांदा केलं," ती म्हणाली. "मग सवय झाली. मामंजींच्या पँटीही मीच उसवायचे हो. मला भीती वाटते."

मलाही वाटत होती. तसं मी तिला सांगितलं. त्याच संध्याकाळी तिनं दोन्ही पट्ट्या काढल्या. दुसऱ्या दिवसापासून मी पँटचं बटण उघडं ठेवून, वरून पट्टा आवळून चालायला लागलो. दुकानांची तपासणी पायी सुरू केली. (दुकानदारांना मी लांबूनच धापेवरून ओळखू यायचो. त्या तीन महिन्यांत एकही खोटं वजन सापडलं नाही.) चहातली साखर गेली, बिस्किटं गेली, स्वभावातला उरलासुरला गोडवाही गेला.

तीन महिन्यांनी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. साखर उतरली होती. बीपी उतरलं होतं. बाई खूश झाल्या. मग त्यांनी नवी टेप काढली आणि माझ्या पोटाभोवती धरली.

"एकशे तीन."

मी वाकून आकडा स्वतः वाचला. नव्वद दिवस अळणी चेहऱ्यानं काढले आणि एक सेंटिमीटरही नाही! बाईही बुचकळ्यात पडल्या. एवढ्यात मला आठवलं, की जप्त टेपचा प्रयोगशाळेचा अहवाल सकाळीच आला होता आणि तो बाईंना रीतसर द्यायचा होता. पाकीट खिशातच होतं. बाईंनी फोडून मोठ्यानं वाचलं.

"सदर टेप वापराने ताणली गेली असून शंभर सेंटिमीटरमागे चार सेंटिमीटर कमी दाखवते. सबब सदोष."

"बघा!" मी ओरडलो. "मी म्हटलं होतं, टेप सदोष आहे!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणजे तेव्हा तुम्ही एकशे सात होतात. चार कमी झालेत. अभिनंदन. अजून तेरा."

मी बसलो. बायको शांतपणे पिशवीतून आपली मापांची वही काढत होती. तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर, माझ्या नावापुढे, बेचाळीस इंच लिहिलेलं होतं. बाईंनी हिशोब केला. बरोबर एकशे सात.

"तुला खरं माप माहीत होतं?" मी विचारलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं," ती वही मिटत म्हणाली, "पण मग तुम्ही माझीही टेप जप्त केली असतीत. आणि मला दुसऱ्या दिवशी चार ब्लाउज द्यायचे होते."