तासाभराचे चेअरमन

सकाळी दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवरून चेअरमन बबनराव, म्हणजे गावाचे आबा, नाहीसे झाले. गुलाबी फेटा, गळ्यात हार आणि जोडलेले हात असा त्यांचा फोटो दोन वर्षं स्क्रीनवर ठाण मांडून होता. शहादेव दुधाची बिलं काढायला बसला, तर समोर काळाकुट्ट अंधार. खालच्या कोपऱ्यात इंग्रजीतली बारीकशी तक्रार तेवढी उरली होती.

"आगं बया! आबाचं तोंड कुठं गेलं?" झाडता झाडता साखराबाईनं विचारलं.

शहादेवनं माउस हलवून पाहिला, पण आबा काही परत आले नाहीत. संस्थेत क्लार्क म्हणून लागल्यापासून त्याचं लग्न झालं, दोन पोरं झाली, डोक्यावरचे निम्मे केस गेले, पण नोकरी अजून तात्पुरतीच होती. त्याला कायम करण्याचा विषय आज दुपारच्या सभेत येणार होता. आबांचा फोटो स्क्रीनवर त्यानं लावला होता तो याच दिवसासाठी. आणि आजच आबा गायब!

त्यानं सिरसाळ्याला बाळूला फोन लावला. पंचक्रोशीतले सगळे म्हातारे कॉम्प्युटर बाळूच्या औषधावर जगत होते.

"काळं पडलं? पडणारच," बाळू म्हणाला. "परवा मदरबोर्ड जळाला म्हणून बदलला न्हाई का आपण? आता विंडोजला वाटतंय, आपुन दुसऱ्याच मशिनीत आलो. त्याला लायसन दावावं लागंल. सीपीयूच्या अंगावर स्टिकर हाय बघ, त्यावरचा नंबर सांग."

शहादेवनं सीपीयू फिरवला आणि कपाळाला हात लावला. दर दसऱ्याला संस्थेत वजनकाटा, फॅट काढायचं मशीन आणि कॉम्प्युटर यांची पूजा व्हायची. हळदीकुंकू लावायला आबांना नेमकी स्टिकरचीच जागा सापडायची, कारण काळ्या डब्यावर तेवढीच पांढरी होती. दुसऱ्या दिवशी साखराबाई ते पुसून काढायची. आता स्टिकरवर पहिली दोन अक्षरं दिसत होती आणि पुढं सगळं स्वच्छ होतं.

"मावशी, हे तुमी घासलं?"

"मग! तारंच्या घासणीनं. कुंकू लई घट्ट बसतं, भाऊ," साखराबाई अभिमानानं म्हणाली.

बाळूनं ते ऐकून फोनवरच उसासा टाकला. "मग काय, फोटू परत लाव. पण तासाभरानं जाणार. परत लाव, परत जाणार. न्हाईतर माझ्याकडं एक जुगाड हाय, पेन ड्राइव्हमधी—"

"जुगाड नगं!" शहादेव ओरडलाच. बाळूच्या मागच्या जुगाडानं साऱ्या गावाचं दूध एकट्या छबुबाईच्या नावावर चढवलं होतं, आणि ते उतरवताना शहादेवचं पंधरा दिवस जेवण गेलं होतं.

"बरं, बघतो काय हुतंय. उद्या येतो," म्हणत बाळूनं फोन ठेवला.

शहादेवनं हिशेब केला. सभा सुरू होताना फोटो लावायचा, तासाच्या आत सभा उरकली की गंगेत घोडं न्हालं. हिशेब बरोबर होता, फक्त त्यात अमरसिंह धरलेला नव्हता. अमरसिंह हा विरोधी गटाचा संचालक. पांढरे कडक कपडे, तरुण रक्त, आणि बोलायला उभा राहिला की बसायचं विसरणारा. दुपारी सभेत त्यानं पहिल्याच विषयावर, म्हणजे मागच्या सभेतल्या चहात दूध कमी का होतं यावर, भाषण ठोकलं. दूध संस्थेच्या चहात दूध कमी, हा मुद्दा तसा बिनतोडही होता.

शेवटी शहादेवचा विषय निघाला. बबनराव खुर्चीतून उठले. मागं स्क्रीनवर तेच हात जोडून उभे होते.

"शहादेव आपल्या घरचा मानूस हाय," बबनराव म्हणाले. "लई सोसलं त्यानं. म्हणून आज मी सांगतो, त्याला कायम—"

मागचे बबनराव काळे झाले.

आधी अमरसिंह हसला, मग त्याच्या बाजूचे हसले, मग बबनरावांच्या बाजूचे हसू दाबताना खोकू लागले. "आबा, तुमाला काळं फासलं की कुणी!" अमरसिंह म्हणाला.

बबनरावांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फेट्याच्या रंगावर गेला. बीड जिल्ह्यात पुढाऱ्याचा फोटो काळा होणं ही कॉम्प्युटरची बाब नसते. त्यामागं गट असतो, तट असतो, आणि पुढच्या निवडणुकीचा उमेदवार असतो.

"कुणाचं काम बे हे?" ते गरजले.

"कुणाचंच न्हाई, आबा. मशीन आपुनहून करतंय," शहादेव हात जोडून म्हणाला.

"मशिनीचं मी काय वाकडं केलं? दर दसऱ्याला माझ्या हातानं कुंकू लावतो तिला!"

"तिथंच घोळ झालाय, आबा," असं शहादेवच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कायम होऊ पाहणाऱ्या माणसानं काय गिळावं हे त्याला चांगलं कळत होतं.

"आदी चौकशी हुईल," बबनराव म्हणाले. "तवर कायम-बियम काय न्हाई."

शहादेवच्या डोळ्यांपुढं स्क्रीनपेक्षा जास्त अंधार आला. "आबा, पोरांची शप्पत! तुमचाच न्हाई, कुणाचाबी फोटू लावा, तासाभरानं काळा हुतो."

"कुणाचाबी?" बबनरावांची नजर हळूहळू अमरसिंहावर जाऊन थांबली. "मग ह्याचा लाव."

अमरसिंह भडकेल असं सगळ्यांना वाटलं. पण संस्थेच्या भिंतीवर त्याला आजवर खिळ्याएवढी जागा मिळाली नव्हती. त्यानं लगबगीनं मोबाइलमधला फोटो पाठवला: डोळ्यांवर गॉगल, एक पाय नव्या ट्रॅक्टरवर. शहादेवनं तो लावला आणि सगळं संचालक मंडळ स्क्रीनकडं तोंड करून बसलं.

साखराबाईनं चहा आणायला जाता-येता बातमी गावभर केली. खिडक्यांना माणसं लागली. निम्म्यांना फोटो काळा व्हायला हवा होता, निम्म्यांना तसाच राहायला हवा होता. तास भरत आला तेव्हा कोणी पापणीही हलवेना. आणि खटकन स्क्रीन काळी झाली.

"झाला काळा!" बबनरावांनी टेबलावर थाप मारली.

"आबा, लाईट गेली," अमरसिंह शांतपणे म्हणाला. "पंखाबी बंद पडलाय."

"पंख्याचं मला सांगू नगं! फोटू गेला का न्हाई?"

"मग अंधारात तुमी दिसंना झालात म्हणजी तुमचंबी तोंड काळं झालं का?"

माणसं मधे पडली म्हणून निभावलं. वीज आली, म्हातारा कॉम्प्युटर कण्हत कुंथत सुरू झाला आणि अमरसिंह ट्रॅक्टरवर पाय ठेवून पुन्हा हजर झाला. खिडकीतून शिट्ट्या आल्या. शहादेवनं मनातल्या मनात परळीच्या वैजनाथाला साकडं घातलं. आजवर त्यानं देवाकडं पोरं मागितली होती, पाऊस मागितला होता, पण एखाद्याचा फोटो काळा व्हावा म्हणून हात जोडायची वेळ पहिलीच.

पुन्हा एक तास गेला आणि देव पावला. स्क्रीनवरचा अमरसिंह, कुणी हात न लावता, पंखा गरगर फिरत असताना काळा झाला. बबनरावांना नातू झाल्यासारखा आनंद झाला. "शहादेव, लेका, तू खरा मानूस हायस!"

"मग आबा, नव्या लायसनचा ठराव घ्यायचा का?"

"कशाला? लई गुणाचं मशीन हाय. ह्याचाच फोटू ठिव, रोज हुऊ दे काळा."

"आसं कसं?" अमरसिंह उसळला. "लावायचा तर दोघांचाबी. एक तास तुमचा, एक तास माझा!"

बरीच घासाघीस होऊन तेवढ्यावर मिटलं. मग प्रश्न आला की दर तासाला फोटो बदलणार कोण. शहादेवशिवाय हे काम कुणाला येत नव्हतं. "पर तात्पुरता मानूस चेअरमनच्या धाकात ऱ्हाणार," अमरसिंह म्हणाला. "माझा तास खाऊन टाकंल. आदी त्याला कायम करा."

बबनरावांनी मान डोलावली आणि स्वतः ठराव सांगितला: "कॉम्प्युटर दुरुस्त होईपर्यंत शहादेव यांना कायम करण्यात येत आहे." दोन्ही गटांचे हात एकदम वर गेले. संस्थेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, म्हणून की काय, ठरावात काही खटकतंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. शहादेवचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी गेला आणि बायकोला, वनमालाला, अख्खा ठराव दोनदा म्हणून दाखवला. दुसऱ्यांदा म्हणताना तो मधेच थांबला आणि हातातला पेढा त्यानं खाली ठेवला.

सकाळी बाळू मोटरसायकलवरून उतरला तोच हसत. "शहादेवा, काम झालं! नंबर त्याच्याच पोटात असतो, मला ठावं नव्हतं. तो काढायचा, कंपनीच्या फोनवर सांगायचा. दोन मिनिटात मशीन ठणठणीत!"

शहादेवनं त्याला दारातच अडवलं, आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि त्याची बॅग हळूच मोटरसायकलला परत अडकवली.

"आरं, कावून? काल तर रडत हुतास," बाळू चक्रावला.

"बाळूभाऊ, चहा घे, पेढा खा, पायजे तर जेवून जा," शहादेव त्याच्या खांद्यावर हात ठेवून काकुळतीनं म्हणाला. "पर मला रिटायर हुऊ दे, मग ये."