मास्तरांचं पिंप आणि सेक्रेटरींचे बूट

"इमारतीतल्या कचऱ्याचा प्रश्न मी कायमचा निकालात काढलाय," असं निवृत्त मास्तर जिन्यात भेटेल त्याला सांगत. कुणी विचारलेलं नसे, पण मास्तरांना त्याची कधी अडचण वाटली नाही.

दारापुढच्या गॅलरीत त्यांचं पिंप होतं. त्यातल्या माशीच्या अळ्या साली, देठं, उरलंसुरलं सगळं फस्त करत. खालच्या मजल्यावरून मात्र तक्रार गेली आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाहायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर पिंप राहणार, नाहीतर त्याच दिवशी बाहेर.

मास्तर तयारीला लागले. वास मारू नये म्हणून पिंपात बादलीभर पाणी ओतलं. पिंपाच्या तोंडातून खाली येणारी पन्हळ चकचकीत पुसली. तिच्याखालचं जुनाट घमेलं बरं दिसेना, म्हणून ते न्हाणीघरात नेऊन ठेवलं.

"घमेलं का हलवलंत?" बायकोने विचारलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारलं."

सेक्रेटरी आले ते नवेकोरे काळे बूट घालून. "फरशी आत्ताच पुसलीय हो," बायको म्हणाली. त्यांनी बूट काढले. ते उन्हात तापू नयेत म्हणून मास्तरांनी अदबीने उचलून पन्हळीखालच्या सावलीत ठेवले.

आत चहाबरोबर तास सुरू झाला.

"वाढ पुरी झाली की अळी खाणं सोडते," मास्तर म्हणाले. "आपणहून बाहेर पडते, पन्हळीवरून उतरते आणि कोरडी, अंधारी जागा गाठते. खाली घमेलं ठेवायचं, की झाली गोळा. आमच्या मित्राच्या कोंबड्या तुटून पडतात. फक्त पिंपात पाणी झालं तर सगळ्याच एकदम निघतात, म्हणून पाणी कधीही..."

मास्तर थांबले.

"कधीही काय?" बायकोने विचारलं. "सांगा ना पुढे."

"पटलं बुवा," सेक्रेटरी उठत म्हणाले. "राहू द्या पिंप."

मास्तर दाराकडे धावले, पण सेक्रेटरींचा एक पाय बुटात गेला होता. ते नुसते उभे राहिले, गुदगुल्या होत असताना हसायला बंदी केल्यासारखे.

"इतकी वर्षं शिकवलंत," बायको म्हणाली, "पण सांगितलेलं तंतोतंत करणारा वर्ग आजच मिळाला तुम्हाला."

संध्याकाळी मास्तर पिंप कवटाळून जिना उतरत होते. आणि त्या दिवशी, भेटेल त्याने आपणहून विचारलं.