गाडेकाका मीटर पास करतात

वांगी व्हर्नियरने मोजून घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहते. रहाटणीच्या आमच्या चौकात भाजीची हातगाडी लागते. भरली वांगी करायची असली की गाडेकाका तिथे उभे राहून शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढतात. कारखान्यात लोखंडाची जाडी मोजायचं ते पोलादी माप. एकेक वांगं त्याच्या जबड्यात धरायचं, आकडा वाचायचा, मोठं ते परत, बारीक ते परत. भाजीवाली लातूरकडची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, वांगी घ्यायलात का जावई बघायलात?" काका शांतपणे म्हणाले, "समदी एका मापाची आसली की एका टायमाला शिजत्यात. न्हाईतर एक गाळ आन् एक कच्चं." आता यात चूक काय काढणार?

त्याच चौकात माझं औषधांचं दुकान आहे. मी तशी गोड बोलणारी बाई नाही. दिवसभर लोक येऊन "ती छोटी पांढरी गोळी द्या" असं म्हणत राहिले, तर कुणाचीही जीभ तिखट होईल. गाडेकाका माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतात. एकटेच. चाकणच्या बाजूच्या एका गावचे. घरची कांद्याची शेती भावाकडे, आणि हे अठ्ठावीस वर्षं गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला. माल मापात बसला की हिरवा टॅग, नाही बसला की लाल. नोकरी संपली, पण टॅग काही सुटले नाहीत. कोपऱ्यावरच्या हॉटेलातले पोहे 'रिजेक्ट', समोरच्या बिल्डिंगमधला नवरदेव 'रिवर्कला पाठवा', आणि मला एकदा म्हणाले, "ताई, तुमचं दुकान ओके हाय. निस्तं बोलणं जरा टॉलरन्सच्या भाईर जातंय."

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते देवाच्या नावासारखा घ्यायचे. "आकडा वंगाळ आला, तर आधी मापाला धरायचं, मंग मालाला." म्हणजे एखादा भाग मापात नाही असं दिसलं, तर तो भाग फेकू नका. आधी तुमचं मोजायचं हत्यारच बिघडलंय का ते बघा. माझ्या दुकानाबाहेर वजनकाटा आहे. त्यावर उभं राहून एखादी बाई हळहळली, की काका तिला खाली उतरवून स्वतः चढायचे आणि काट्याला दोषी ठरवून मोकळे व्हायचे. बाया खूश होऊन जायच्या. मीच मनात म्हणायची, हा माणूस माझा काटा बदनाम करणार.

मागच्या वर्षी सोसायटीत तपासणी शिबिर झालं आणि काकांची साखर निघाली. उपाशीपोटी अडीचशेच्या वर. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि घरी मीटर ठेवायला सांगितलं. काका कागद घेऊन माझ्याकडे आले. मी गोळ्या काढल्या आणि दिवसातून वीस वेळा म्हणते तेच म्हटलं: "ही जेवणानंतर. ही दुसरी जेवणाआधी, पण ही घेऊन उपाशी राहायचं नाही. साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बोलायला लागतो. तसं झालं तर लगेच साखर तोंडात टाकायची." बसचा कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तसं मी हे म्हणते. समोरचा ऐकतो की नाही ते बघतही नाही. बघायला हवं होतं.

काकांनी दोन्ही पाकिटं पिशवीत टाकली. मग म्हणाले, "आधी मीटर दावा."

झालं, इथून माझी साडेसाती सुरू झाली. मी एक मीटर दाखवलं, त्यांनी दोन आणखी मागितली. माहितीपत्रकं चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं. "ताई, हितं ल्हिलंय, पंधरा टक्के हिकडं-तिकडं चालंल." मी म्हटलं, चालतंच. "चालतंच? आमच्याकडं केसाच्या जाडीएवढं सुदिक चालत न्हाई. पंधरा टक्के म्हंजे कंपनीला टाळं." एवढं म्हणून त्यांनी तिन्ही मीटर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वहीसकट दर्शन. डाव्या हाताचं मधलं बोट, उजव्या हाताचं मधलं बोट, तीन मीटर, तीन आकडे. दोनशे एकतीस, दोनशे अठरा, दोनशे बेचाळीस. "ह्यातला खरा कंचा?" मी म्हणायची, तिन्ही खरे, तुमची साखर वाढलेली आहे, गोळी घ्या. "गोळी घ्यायची कंच्या मापावर?" एक दिवस घाबरेघुबरे होऊन आले, मीटर चारशे दहा दाखवत होतं. मी विचारलं, काका, बोट टोचायच्या आधी काय खाल्लंत? चिकू. हात धुतले? नाही. मी त्यांना बेसिनपाशी उभं करून साबण दिला. चिकूचा हात धुतल्यावर साखर दोनशे पंचवीसवर आली. काकांनी वहीत लिहिलं, 'कारण: चिकू', आणि खाली सही केली.

मग मी त्यांना मीटर तपासायच्या द्रवाची इवलीशी बाटली दाखवली. त्या द्रवात साखर किती ते आधीच ठरलेलं असतं. मीटरच्या पट्टीवर थेंब टाकला आणि ठरलेला आकडा आला, की मीटर चांगलं. काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटले एकदाची. "म्हंजे ह्यो मास्टर पीस, ज्याच्यावरनं मापच तपासायचं त्यो," ते म्हणाले. बाटली छातीशी धरून वर गेले. त्यानंतर चार दिवस माझ्या डोक्यावर खुर्ची सरकल्याचे आवाज येत होते.

तीन आठवडे असे गेले. मी आधी हसायची, मग चिडायला लागले. त्याचं कारण होतं. काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. कडा काळसर पडायला लागल्या होत्या. असे पाय मी पाहिलेत. आधी मलम न्यायला येतात, मग ड्रेसिंगचं सामान, आणि मग एक दिवस घरातलं दुसरंच कुणीतरी कुबड्यांची चौकशी करायला येतं. गोळ्यांची दोन्ही पाकिटं मात्र काकांच्या पिशवीत तशीच, एक गोळीसुद्धा फोडलेली नाही.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काका पट्ट्यांची आणखी एक डबी मागायला आले आणि माझा तोल गेला. म्हटलं, "पट्ट्या मिळणार नाहीत. पाय कापायला निघालात तरी तुमचं मीटर पास होत नाहीये. कसला हेका हा? साठीला टेकलात, शहाण्यासारखं वागा. घरी बायकोमाणूस असतं ना, तर कान धरून गोळी घ्यायला लावली असती."

हे शेवटचं वाक्य मी का बोलले कोण जाणे. रागाच्या भरात गेलं तोंडातून. काकांची बायको गेलेली आहे एवढंच मला ठाऊक होतं. कशाने, ते कधी त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

काका स्टुलावर बसले. व्हर्नियर खिशातून काढलं, नुसतंच उघडलं-मिटलं, आणि बोलायला लागले.

"आमच्या मंडळीला शुगर हुती. इंदूला. सुई घ्यायची ती. सुई टायमावर टोचायची, पण मी आल्याबिगर घास खायची न्हाई. लई सांगितलं, ऐकलं न्हाई. त्या दिशी माझी तिसरी शिफ्ट, वर दोन तास ओव्हरटाइम. घरी आलो तर ही घामानं भिजलेली. बोलणं आडखळतंय. मीटर लावलं, आडतीस."

साखर सत्तरच्या खाली गेली की धोका. अडतीस म्हणजे काय ते मला सांगायला नको होतं.

"मी म्हणलं, आडतीस कसं आसंल? काल तर तीनशेला हुती. मापच बिघडलं. शेल बदलला. पुन्यांदा लावलं, येक्केचाळीस. मंग म्हणलं पट्ट्या जुन्या झाल्यात. ती म्हणली, आवो, मला चिमूटभर साखर द्या. मी म्हणलं, येडी का काय तू, शुगरवालीला साखर? थांब, नव्या पट्ट्या आणतो, नीट माप घेऊ. गाडी काढली आन् चाकणला गेलो. चौकात ट्रकांची ही रांग. यायला तास गेला." काकांनी व्हर्नियर मिटून मांडीवर ठेवलं. "सैपाकघरात आडवी पडल्याली. साखरंचा डबा वरच्या फळीवर असायचा. तितपावतर पोचली न्हाई."

तीन दिवस ती दवाखान्यात होती. शुद्धीवर आलीच नाही.

"तिचं दहावं झालं. दुसऱ्या दिशी मी ते मीटर घिऊन लॅबवाल्याकडं गेलो. त्यानं त्याच्या मशिनीसंगं लावून बघितलं, तीनदा. मीटर बरोबर हुतं, ताई."

  मी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही, मीच प्यायले.

मग मी म्हटलं, "काका, ही तिन्ही मीटर चांगली आहेत. मी शपथेवर सांगते."

"ठावं हाय मला. पैल्याच आठवड्यात कळलं. तिन्ही पास हायती."

"मग गोळी का नाही घेतलीत?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमीच म्हणला न्हाई का, ह्या गोळीनं साखर खाली जाती, माणूस कायबी बोलाय लागतो. घरात मी एकटा. आडतीस आलं तर मी काय करंन, मला ठावं हाय. अठ्ठावीस वर्सं ह्या हातांनी तेच केलं, आन् तिच्या टायमाला बी तेच केलं. मी मशिनीलाच धरंन."

तीन आठवडे हा माणूस माझ्या डोक्यावरच्या खोलीत तीन मीटर घेऊन बसला होता आणि मी खाली बसून त्याला हेकट म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली. लाजच, दुसरा शब्द नाही. बायको गेल्यावर गावातलं स्वतःचं घर सोडून त्यांनी औषधांच्या दुकानावरची खोली का धरली, हेही मला त्या दुपारी कळलं. लोक शाळा जवळ बघतात, स्टेशन जवळ बघतात. काकांनी पट्ट्या जवळ बघितल्या होत्या.

संध्याकाळी मी दुकान बंद करून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, दुसरी गोळी अर्ध्यावर आणली, आणि म्हणाले, पण ती घ्यावी लागेल, आता थांबून चालणार नाही. काका मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी शटर वर करते तर काका पायरीवर बसलेले. डब्यात दोन भाकरी आणि मेथीची भाजी. मी समोर गोळी ठेवली. पाटीवर पहिलं अक्षर काढायच्या आधी पोरं बघतात तसं त्यांनी गोळीकडे बघितलं, डोळे मिटले आणि गिळली. मग माझ्यासमोरच, सावकाश, दोन्ही भाकरी संपवल्या.

डबा धुऊन झाल्यावर त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. सकाळी नवापर्यंत मी खाली आलो न्हाई तर वर या. साखर गॅसच्या कट्ट्यावरच ठिवलीय, हाताला घावंल अशी."

"शुद्धीत असाल तर साखर देईन," मी म्हटलं. "नसलात तर तोंडात काही घालायचं नसतं, तडक दवाखाना." जरा दरडावूनच बोलले.

"ते तुमी बगा. निस्तं एक करा, ताई." किल्लीवरचा हात त्यांनी अजून काढला नव्हता. "मी म्हणंन, मशीन चुकलंय. मी म्हणंन, थांबा, नवी पट्टी लावू. लई ठासून म्हणंन, तुमाला पटंल बी. माझं ऐकू नगा. इंदूचं ऐका."