सात मिलिलिटरची चौकशी

रविवारी सकाळी पावणेआठला वजनमापे निरीक्षकाने मुलीच्या औषधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून पातळी वाचली. बाटलीत तेवीस मिलिलिटर औषध असायला हवं होतं. सोळाच होतं.

गणित अगदी साधं होतं. तीस मिलिलिटरची बाटली मागच्या रविवारी, मुलगी घरी आली त्या दिवशी उघडलेली. रोज सकाळी आठला एक मिलिलिटर, तेही बापाच्याच हातून. सात दिवसांचे सात गेले. मग वरचे सात कुठे गेले?

मुलगी सात आठवडे आधीच जगात आली होती. शेवटच्या आठवड्यांत बाळं आईच्या पोटात बसून पुढची बेगमी करतात, लोह, व्हिटॅमिनं, अंगावर थोडी चरबी. ही बया सामान न बांधताच निघाली. एकतीस दिवस तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तिचं नाव अजून ठरायचं होतं, तोवर बापाने धंद्याला साजेसं नाव ठेवलं, पावशेर.

घरी सोडताना दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने ड्रॉपर हातात देऊन बजावलं होतं, की व्हिटॅमिन डीचे थेंब कमी पडले तर हाडं कच्ची राहतात, जास्त झाले तर मूत्रपिंडांवर येतं, आणि यात गडबड झालेली दिसली तर बाळ पुन्हा आत घ्यावं लागेल. निरीक्षकाने हे सगळं लिहून घेतलं. बायकोने त्यातलं एकच ऐकलं, पुन्हा आत. पेटीच्या गोल भोकातून हात घालून बोट धरण्यात तिने महिना काढला होता. आता तिने मुलीला खांद्यावरून खाली ठेवणंच सोडलं होतं.

निरीक्षक अठरा वर्षं दुकानांतले तराजू आणि पंपांवरची मापं तपासत होता. माल हरवला की काय करायचं हे त्याला पाठ होतं. त्याने बाटली पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली, फ्रिजवरचा तक्ता काढून आणला आणि घरातल्या दोन्ही साक्षीदारांना स्वयंपाकघरात बोलावलं. तक्त्यावर दोन रकाने होते, ‘दिले’ आणि ‘पाहिले’. पहिल्यात त्याच्या सात सह्या, दुसऱ्यात सासूबाईंच्या सात. सासूबाईंनी प्रत्यक्षात काहीच पाहिलेलं नव्हतं. जावई ड्रॉपर भरून न्हाणीघरातून बाहेर आला की त्या सही करायच्या.

“बाटलीला माझ्याशिवाय कोणी हात लावला का?” त्याने विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. इथेच सगळं बिनसलं.

झालं होतं असं, की गुरुवारी दुपारी बायकोने आईला बाटली हातात घेऊन खुर्चीत डुलक्या काढताना पाहिलं होतं, चष्मा कपाळावर. आई बाटलीचा चिकटपणा पुसता पुसता पेंगली होती, पण हे लेकीला कुठून कळणार? आणि शुक्रवारी पहाटे सासूबाईंनी लेकीला ओट्यापाशी बाटली घेऊन झोपाळल्या डोळ्यांनी उभं पाहिलं होतं. ती बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचत होती. पण जी पोर सलग दोन तास झोपलेली नाही, ती दिलेलं औषध पुन्हा देणार नाही कशावरून? दोघींनी दोन-तीन दिवस हे पोटात ठेवलं होतं.

“मी दिलं,” बायको म्हणाली. “चार वेळा. मला वाटलं, पोर फार बारीक दिसते.”

“ती काय देते,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “मी दिलंय जावईबापू. पाच वेळा.”

निरीक्षकाने पेन्सिल थांबवली. त्याच्या उभ्या नोकरीत माल नेहमी कमी भरायचा. इथे सात हरवले होते आणि नऊ सापडले होते.

“आई, तू उगाच मध्ये पडू नकोस. सगळे सात मीच दिले.”

“सात? तुला सात तरी नीट मोजता येतात का आत्ता? काल दाराला कडी लावताना तीनदा उघडून पाहिलीस.”

“आणि तुझा चष्मा कुठेय आत्ता?”

“कपाळावर आहे. मला माहीत आहे.” सासूबाईंनी तो हळूच खाली ओढला. “जावईबापू, माझ्या नावावर सातच लिहा. हिच्या नावावर काही नको.”

आकडा चौदावर जाऊन थांबला. पावशेरला आईच्या खांद्यावर उचकी लागली. मग निरीक्षकाने दवाखान्याला फोन लावला. आजचा डोस देऊ नका, बाळाला घेऊन लगेच या, असं उत्तर आलं.

टॅक्सीत बायको खिडकीबाहेर बघत राहिली. सासूबाई निघताना पायात वेगवेगळ्या चपला घालून आल्या होत्या. दवाखान्यात पावशेरच्या टाचेतून रक्त काढलं, तेव्हा ती एवढ्या जोरात रडली की सिस्टर खूश झाली. महिन्यापूर्वी हिच्या तोंडून मांजराच्या पिलाइतका आवाज निघत नव्हता म्हणे. रिपोर्ट उद्या दुपारी मिळणार होता.

सोमवारची सकाळ संपता संपेना. निरीक्षकाने रजा टाकली आणि घरातल्या वस्तू मोजत सुटला. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा नव्हता, साडेचारचा होता. घरातली तीन घड्याळं तीन वेळा दाखवत होती, त्याने ती जुळवली, आणि मग तिन्ही घड्याळं एकदमच हळू चालतायत असं त्याला वाटायला लागलं. बायकोने पावशेरची पिशवी भरली, मग पेटीत कपडे लागत नाहीत हे आठवून रिकामी केली, मग पुन्हा भरली. सासूबाई दर पंधरा मिनिटांनी फोन उचलून तो चालू आहे ना हे बघत होत्या. एकदा त्या बघत असतानाच फोन वाजला आणि त्यांनी घाबरून कट केला. सुदैवाने नंबर गॅसवाल्याचा होता.

दोन वाजता तिघंही डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले. चौथी आईच्या मांडीवर झोपली होती.

“रिपोर्ट चांगला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जेवढं हवं तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. वजनही वाढलंय.”

बायकोने डोळ्यांना पदर लावला. निरीक्षकाचं मात्र समाधान होईना. “पण सात मिलिलिटर गेले कुठे?”

“बाळाच्या पोटात गेलेले दिसत नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोठ्या सिस्टरला हाक मारली. “यांचा आजचा डोस इथेच द्यायला सांगा. कसं देतात ते एकदा बघू.”

निरीक्षक उठला. आपल्या कामाबद्दल त्याला खात्री होती. त्याने पिशवीची गाठ सोडून बाटली काढली, हलवली, ड्रॉपर बरोबर रेषेपर्यंत भरला, आणि शर्टाच्या खिशातून करंगळीएवढी काचेची मोजनळी काढली. ड्रॉपर तिच्यात रिकामा केला. नळी डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला, मान डोलावली आणि नळीतलं औषध कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतून नळी खळखळून धुतली. मग ड्रॉपर दुसऱ्यांदा भरून तो मुलीकडे वळला.

सिस्टरने बेसिनकडे बोट केलं.

“ते पहिलं काय होतं?” सिस्टरने विचारलं.

“नमुना,” तो म्हणाला. “माप खरं आहे की नाही हे बघितल्याशिवाय द्यायचं कसं?”

“रोज?”

“रोज. वेगळ्या वहीत नोंद आहे.” त्याने खिशातून वही काढली. “पंपावर मी पाच लिटरचं माप घेतो, पण ते टाकीत परत...”

तो थांबला. पंपावर मोजलेलं तेल टाकीत परत ओततात, म्हणून नमुन्याने साठा कधी कमी होत नाही. अठरा वर्षांत नमुना वजा करायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. आणि एवढ्याशा बाळाचं औषध बाटलीत परत ओतणं काही स्वच्छतेला धरून नव्हतं. वहीत सात ओळी होत्या, सुवाच्य अक्षरात.

“आणि हे आम्हाला कधी दिसलं कसं नाही?” बायकोने विचारलं.

“न्हाणीघरात, दार लावून करायचो,” निरीक्षक बारीक आवाजात म्हणाला. “संबंधित लोकांसमोर तपासणी करत नाहीत.”

डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पडदा नीट करत राहिल्या.

बाहेर बाकावर मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. “मग तू सात कशाला कबूल केलेस?” लेकीने विचारलं.

“तुला कुणी बोलू नये म्हणून. आणि तू?”

आईच्या कपाळावर गेलेला चष्मा लेकीने नाकावर आणून ठेवला.

मंगळवारी सकाळी आठला फ्रिजवर नवा तक्ता लागला होता. मोजनळी सासूबाईंच्या कपाटात कुलपात गेली होती आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती. निरीक्षकाने दोघींच्या देखत ड्रॉपर भरला. न तपासलेलं माप हातात धरण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. तरी त्याने सगळं औषध पावशेरच्या गालाच्या आत नीट सोडलं.

पावशेरने विचार केला. मग एक थेंब बापाच्या बाहीवर परत पाठवला.

निरीक्षकाचा हात आपोआप वहीकडे गेला. सासूबाईंनी वही आधीच उचलली होती.

“राहू द्या जावईबापू,” त्या म्हणाल्या. “तिने तपासून घेतलंय.”