सासरेबुवांचा सोर्स कोड

"बाबा, एकूणएक ओळ माझ्या हातची. नाव ठेवायला जागा सापडणार नाही," जावई म्हणाला. सासरेबुवांच्या चष्म्याच्या दुकानासाठी त्याने फ्रेमा आणि गिऱ्हाइकांचे नंबर सांभाळणारा प्रोग्राम बनवला होता. तो पसंत पडला की सासरेबुवा चष्मेवाल्यांच्या संघटनेत शब्द टाकणार आणि आणखी चाळीस दुकानांत तो विकला जाणार, असा बेत होता.

बायको वकील. तिने आतल्या खोलीत सहज फोल्डर उघडलं. "एकूणएक ओळ तुझी, मग ही पावती छापणारी लायब्ररी कुणाची?"

"नेटवरून घेतली. तयार कोड असतो गं, फुकट."

"फुकट आहे, पण अटीसकट. हिला जोडून केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलास की अख्खा सोर्स कोड, म्हणजे आत लिहिलेली एकूणएक ओळही द्यायची, आणि कशालाही बंदी घालायची नाही. आणि ही बारकोडवाली म्हणते, धंद्यासाठी वापरायचंच नाही. या दोघी एका घरात नांदणार कशा?"

बारकोडवालीला त्याने नारळ दिला आणि गरीब स्वभावाची दुसरी शोधली. राहता राहिला सोर्स कोड. "देऊन टाकू. बाबांना त्यातलं काय कळणार आहे," असं म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला. काम करताना त्याने कोडात जागोजागी शेरे मारून ठेवले होते, तेही शुद्ध मराठीत. 'थेरड्याने सहाव्यांदा मत बदललं.' 'जन्मभर चष्मे विकले, समोरचं काही दिसत नाही.'

त्याने एका झटक्यात झाडून सगळे शेरे पुसले.

"लायब्ररी लिहिणाऱ्याचं नाव आणि अटीही पुसल्यास की," बायको म्हणाली. "त्यांना हात लावायचा नसतो."

बाहेरच्या खोलीत सासरेबुवा पेन ड्राइव्ह घेऊन ताटकळले होते. "जावईबापू, आज मिळेल ना?" त्याने घाईघाईने मघाची प्रत परत आणली आणि भरून दिली. अटींबरोबर बाकीचंही सगळं परत आलं होतं, हे सासरेबुवा घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. "कोडातलं अक्षरही कळलं नाही बघा. मराठी तेवढं कळलं."

"बाबा, ते म्हणजे..."

"लिहिता छान. अटी पण वाचल्या मी. मिळालेला कोड पुढे कुणालाही देता येतो म्हणे?"

"येतो," जावई कसाबसा म्हणाला.

"मग बरं झालं. आत्ताच संघटनेच्या ग्रुपवर टाकला. शेऱ्यांसकट. उगाच काही पुसायला नको."

दुपारपर्यंत चाळीसही दुकानांनी प्रोग्राम उतरवून घेतला. अडचण आल्यास विचारायला म्हणून सासरेबुवांनी जावयाचा नंबर दिला होता. पहिला फोन तीन वाजता आला. त्या दुकानदाराला शेरे जरा मोठ्या अक्षरांत हवे होते.