डोन्या डोरिलाला हसू देण्याबाबत

छायाचित्रणाच्या कलेत आजवर एकच खरा अडथळा आलेला आहे, आणि तो म्हणजे समोरचा माणूस. प्रकाश मोजता येतो, भिंग बदलता येते, फिल्मची मुदत संपली असेल तर तिला 'जुन्या काळाचा पोत' म्हणता येते. माणसाचे मात्र काही करता येत नाही. तो ऐन वेळी नाक खाजवतो, "माझा फोटो कशाला काढताय?" असे विचारतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे हसतो. हसणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या घरच्यांना आवडतो, आणि घरच्यांना आवडलेला फोटो स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद होतो, हे कोणताही अनुभवी परीक्षक सांगेल.

आमच्या 'उत्तर नदीकाठ फोटो क्लब'ने या अडथळ्यावर उपाय शोधला होता. साल्तो हे गाव तसे संत्र्यांसाठी आणि नदीच्या पुरासाठी प्रसिद्ध. पण मोबाइल नव्हते त्या काळात, उरुग्वेभरच्या फोटो स्पर्धांमध्ये ते 'रस्त्यावरचे चेहरे' या विभागासाठी ओळखले जाई. याचे सारे श्रेय क्लबच्या नियमांना आहे. (नियम अध्यक्षांनी स्वतः टाइप केले होते. अध्यक्ष वॉशिंग्टन बेतांकूर हे व्यवसायाने नोटरी असल्यामुळे प्रत्येक पानावर शिक्का होता.) विषयाने आपण विषय आहोत हे जाणता कामा नये. जाणल्यास भिंगाकडे पाहता कामा नये. पाहिल्यास दात दिसता कामा नयेत. मात्र विषयाला दातच नसल्यास हे कलम शिथिल करता येईल. रंगीत फिल्म वाढदिवसांसाठी आहे.

क्लबमध्ये नोटरी होते, एक दंतवैद्य होते, औषधांच्या दुकानाचे मालक होते, निवृत्त मुख्याध्यापिका मिर्ता बिदेगाइन होत्या आणि चिटणीस म्हणून मी होतो. सभासदांपैकी शंभर टक्के लोकांकडे छत्री होती, आणि शंभर टक्के लोकांना पावसात भिजणाऱ्या माणसांविषयी कमालीची आस्था होती. एका सभासदाने दुसऱ्या सभासदाचा फोटो काढल्याचे उदाहरण नाही. तो अपमान समजला गेला असता.

आता डोन्या डोरिलाविषयी. पाऊस पडला की आमच्या देशात तोर्ता फ्रिता खायचीच असते; का, ते कोणी विचारत नाही. पिठाची लाटी लाटायची, मध्ये भोक पाडायचे, गाईच्या चरबीत तळायची, वर साखर भुरभुरायची आणि माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत पीत खायची. पावसाची पहिली सर आली की डोन्या डोरिला चौकाच्या कोपऱ्यावर ताडपत्री बांधून कढई चढवत असे. म्हणजे पाऊस, धूर, वाफ आणि बाई हे चारही घटक एकाच ठिकाणी, तेही क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर! इतकी सोय देवाने युरोपातल्या फोटोग्राफरांचीसुद्धा केली नसेल.

त्यामुळे पावसाळी दिवशी कढईच्या एका बाजूला गिऱ्हाइके आणि दुसऱ्या बाजूला क्लब अशी विभागणी होई. अध्यक्ष फुटपाथवर आडवे होऊन खालून फोटो काढत. मिर्ताबाई समोरच्या बँकेच्या पायरीवरून हातभर लांब भिंग रोखून बसत. धूर डोळ्यांत गेला की डोरिला तोंड वाकडे करी, आणि तोंड वाकडे झाले की एकदम पाच-सहा कॅमेरे वाजत. पुढे डार्करूममध्ये फिल्म वाजवीपेक्षा जास्त वेळ औषधात ठेवून आणि काळे-पांढरे ठळक करणारा कडक कागद वापरून धुराचे सत्य बाहेर काढले जाई.

या मेहनतीचे चीज झाले. 'आयुष्याची संध्याकाळ' या फोटोला रौप्यपदक मिळाले. 'शेवटची लाटी', 'काळ', 'काळ – २' आणि 'आजीचे हात' (यात फक्त चेहराच दिसतो) यांनाही गौरवण्यात आले. अध्यक्षांनी काढलेला 'लॅटिन अमेरिका' तर परदेशी जाऊन आला. या फोटोंची एखादी प्रत डोरिलाला द्यावी अशी सूचना एकदा सभेपुढे आली होती. पण त्यामुळे विषयाला आपण विषय असल्याचे कळेल, या कारणास्तव ती फेटाळण्यात आली. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते, ही गोष्ट वेगळी. तिच्या कढईपुढे माणसे लोळत होती.

एका कोरड्या गुरुवारी, सभा चालू असताना, डोरिला स्वतः जिना चढून क्लबमध्ये आली.

"नोटरीसाहेब, मला एक फोटो हवाय."

"कुणाचा?" अध्यक्षांनी विचारले.

"माझा. आणखी कुणाचा?"

तिच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन होते. आमच्याकडे स्मशानाच्या भिंतीत खण असतात, माणूस त्यात ठेवतात आणि खणाच्या दगडावर त्याचा चिनीमातीचा लंबगोल फोटो बसवतात. डोरिलाचा नवरा ओमार अशाच एका खणात होता आणि शेजारचा खण तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता.

"माझा ओमार तिथे सूट-टाय घालून, केस चोपडून, नवरदेवासारखा हसतोय," ती म्हणाली. "नि त्याच्या शेजारी मी काय भिजलेल्या कोंबडीसारखी राहू? तुमच्या फोटोतल्यासारखी? नगरपालिकेच्या हॉलातल्या प्रदर्शनात बघितले ना मी ते. बघून तशीच घरी गेले नि आधी आरसा काढला."

"लग्नातला एखादा फोटो असेल की," मिर्ताबाई म्हणाल्या.

"पुरात पेटीच गेली, बाई. ओळखपत्रावर आहे एक, पण अर्ध्या तोंडावर शिक्का मारलाय मेल्यांनी."

शिक्क्याविषयीचा हा उल्लेख अध्यक्षांना आवडला नाही. त्यांनी तिला बाजारपेठेतल्या स्टुडिओत जाण्याचा सल्ला दिला.

"तो माणूस मला ओळखत नाही हो. तुम्ही इतकी वर्षं बघताय मला. शंभरदा न विचारता काढलात, एकदा विचारून काढा." ती जायला वळली आणि दारातून पुन्हा म्हणाली, "आणि मला हसायचंय. आधीच सांगून ठेवते."

तिच्या मागे सभा बराच वेळ चालली. एखाद्या विषयाने स्वतःहून अर्ज करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. दंतवैद्यांनी हसण्याला तत्त्वतः पाठिंबा दिला. मिर्ताबाईंचा प्रश्न मूलभूत होता: आज ही हसली तर उद्या सगळेच हसतील, मग रस्त्यावरच्या चेहऱ्यांनी जायचे कुठे? अखेर सदर विषयास, तब्येतीची बाब लक्षात घेता, एक वेळची सवलत म्हणून, सौम्य स्वरूपात हसू देण्यात यावे, असा ठराव झाला. तिला निळा ड्रेस घालायचा होता, त्यालाही हरकत घेण्यात आली नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळा रंग आपोआप गंभीर होतो.

यानंतर योग्य प्रकाशाची वाट पाहण्यात आली. ऊन पडले की ते फार कडक असे, आणि ढग आले की त्यातून पाऊस पडून डोरिला तळायला बसे. (क्लबने त्या दिवशीही जाऊन नेहमीचे फोटो काढलेच.) ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा एकदाचा हवा तसा उजेड पडला आणि आम्ही सगळे चौकात जमलो. अध्यक्षांनी आपला जर्मन कॅमेरा आणला होता. फोटो तेच काढणार होते. मी उजेड परतवण्यासाठी घरून पांढरी चादर आणली होती. तेवढ्यात निळ्या ड्रेसातली एक बाई आम्ही फोटोसाठी निवडलेल्या बाकावर येऊन बसली.

"बाई, जरा बाजूला व्हाल का?" अध्यक्ष अदबीने म्हणाले. "आमचा विषय यायचाय."

"मीच आहे, साहेब."

केस सेट केलेले, ओठांना लाली, कानांत मोत्याची कुडी.

"सगळं पुसून आली ही," मिर्ताबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"काय पुसलं?"

"व्यक्तिमत्त्व!"

आणि मग ती हसली. ठरावात सौम्य म्हटले होते, ते तिला कोणी कळवले नसावे. ते हसू फार चांगले होते. हे मी चिटणीस या नात्याने सांगत नाही, चादर धरून तिच्यासमोर उभा असलेला माणूस म्हणून सांगतो. माझ्या हातातली चादर खाली आली होती आणि अध्यक्ष माझ्यावर ओरडले. ते गुडघ्यावर बसून, उभे राहून, बाकाच्या टोकाला लवंडून फोटो काढत राहिले. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसच्या पुढे गेला, चाळीसच्याही पुढे गेला. "बघा," ते म्हणाले, "जर्मन लोकांचा हात किती सढळ असतो!"

छत्तीस फोटोंच्या रोलवर चाळीस फोटो निघतात तेव्हा एकही निघालेला नसतो, हे फिल्म वापरलेल्या कोणालाही माहीत असते. अध्यक्षांनाही माहीत होते. नवशिक्यांच्या वर्गात ते स्वतःच हे शिकवत. फिल्मचे टोक चक्रीच्या खाचेत अडकलेच नव्हते. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले, आकड्याने आपले केले, फक्त फिल्म जागची हलली नाही.

मिर्ताबाई मात्र झाडाच्या आडून लांब भिंग लावून थांबल्या होत्या. शेवटी दमून डोरिलाने "झालं का हो?" असे विचारले, आणि त्याच क्षणी तिच्या पोटात कळ आली. तिने पोट धरले, डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडे झाले.

"मिळाला!" मिर्ताबाई झाडामागून ओरडल्या.

रोल धुतल्यावर तो कोरा निघाला. पुन्हा फोटो काढायला तीन दिवस हाताशी होते, पण तिन्ही दिवस ऊन कडक पडले. "ऑपरेशननंतर काढू," मिर्ताबाई म्हणाल्या. "आजारपणानंतर चेहऱ्याला खोली येते." अध्यक्ष आणि मी इस्पितळात भेटायला गेलो. डोरिलाने पहिला प्रश्न विचारला तो हसण्याचाच.

"कसं आलंय?"

अध्यक्षांनी आयुष्यभर खऱ्याखोट्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. ते घसा खाकरून म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे."

"लवकर करा बरं. ओमार वाट बघतोय," असे म्हणून ती स्वतःच्याच विनोदाला हसली. कॅमेरा तेव्हा कोणाकडेच नव्हता. ऑपरेशन यशस्वी झाले असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. दोन दिवसांनी ती गेली. मला फार वाईट वाटले. सभेच्या इतिवृत्तात असे काही घेता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

दफन झाल्यावर तिची बहीण ग्लॅडिस फोटो मागायला क्लबमध्ये आली. क्लबने हात आखडता घेतला नाही. मिर्ताबाईंनी झाडाआडून काढलेला फोटो 'प्रतीक्षा' या नावाने नुकताच सुवर्णपदकासाठी निवडला गेला होता. त्याचीच मोठी प्रत, चौकटीसह, तिच्या हातात देण्यात आली.

"ही कोण?" ग्लॅडिसने विचारले.

"तुमची बहीण," अध्यक्ष म्हणाले.

"ही आमची डोरिला? अहो, आमची आई गेली तेव्हा तीसुद्धा अशी दिसत नव्हती!"

मग तिने डोरिलाचे सगळे फोटो मागून घेतले. 'संध्याकाळ' पाहिली, 'लाटी' पाहिली, दोन्ही 'काळ' पाहिले, 'लॅटिन अमेरिका' उलटा धरून पाहिला. तिच्यासाठी केलेला माते निवून गेला. शेवटी ती 'प्रतीक्षा'कडेच परत आली.

"निदान कुडी तरी तिची आहे," ती म्हणाली. "मीच घेतली होती तिला." आणि फोटो पिशवीत घालून ती रडत रडत जिना उतरली.

आता भिंतीत शेजारी शेजारी दोन खण आहेत. एकात ओमार सूट घालून हसतो आहे आणि दुसऱ्यात डोरिला पोट धरून डोळे मिटून आहे. मृतांच्या दिवशी फुले घेऊन येणारे लोक तिथे हमखास थांबतात. "अरेरे, बिचारी म्हातारी," असे म्हणतात, आणि बारकाईने पाहणारे असले तर, "हा तिचा मुलगा असेल." क्लबने त्याच भिंतीसमोर तिपाया लावून 'चिनीमातीवरचे चेहरे' हा नवा विभाग सुरू केला आहे आणि त्याला प्रतिसाद उत्तम आहे.

डोरिला गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. गाल भरलेले होते आणि हसताना डाव्या गालावर खळी पडत असे. 'डोन्या' ही पदवी आमच्याकडे कढईमागे उभ्या राहणाऱ्या कोणत्याही बाईला मिळते. मी तिला वर कुठेही म्हातारी म्हटलेले नाही. वाटल्यास परत जाऊन तपासा. पाऊस, धूर, नवरा वारलेला आणि फोटोंची पाच-सहा नावे, एवढ्या सामग्रीवर बाकीचा चेहरा तुम्ही स्वतःच तयार केलात, तोही कॅमेऱ्याशिवाय आणि तिला एका शब्दाने न विचारता. क्लबच्या सभासदत्वाला एवढी पात्रता पुरेशी आहे. अर्जाची गरज नाही, तुमचे नाव घेतले आहे. पुढच्या पावसात चौकात या. कढईवर आता दुसरी बाई बसते.