झुळुकीची व्याख्या

"दोरी नको, प्रमुख पाहुणा नको. चार वाजता समुद्रावरून झुळूक येईल आणि पाटीचे अनावरण तीच करील!" शरच्चंद्रांनी सोसायटीच्या सभेत छातीठोकपणे जाहीर केले.

वर्सोव्याच्या त्या नव्या इमारतीला 'झुळूक' हे नाव त्यांनीच सुचवले होते. सेक्रेटरी श्यामकांतांना 'सी ब्लिस' हवे होते. वाऱ्यात आणि झुळुकीत फरक तो काय, असे त्यांनी खवचटपणे विचारताच शरच्चंद्र म्हणाले होते, "वाऱ्याने पदर उडतो. झुळूक अंगाला लागते, पण पदर हलत नाही."

या व्याख्येवर सभा बेहद्द खूश झाली आणि नाव मंजूर झाले. त्या आनंदाच्या भरातच शरच्चंद्र अनावरणाचे बोलून बसले. श्यामकांतांनी लगेच अट घातली, की झुळुकीने पडदा उडाला नाही, तर नाव 'सी ब्लिस'.

ठरल्या दिवशी फाटकावरच्या पाटीला पडदा म्हणून शरच्चंद्रांनी पत्नीची, उत्तराबाईंची, जॉर्जेटची साडी लावली. अर्थात न विचारता. चार वाजून गेले. बटाटेवडे निवले. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावालेही मजा पाहायला जमले.

आणि झुळूक आली! घामेजलेल्या मानांना गार लागले, सगळ्यांनी सुखाने डोळे मिटले. डोळे उघडून पाहतात, तो साडी खिळे ठोकल्यासारखी जागच्या जागी.

"शरदराव, पेंटरला फोन लावू ना?" श्यामकांतांनी विचारले.

शरच्चंद्रांच्या तोंडचे पाणी पळाले. आयुष्यात त्यांचा एक शब्द प्रथमच कुठे मंजूर झाला होता, तोही आता पुसला जाणार होता.

"थांबा भावजी," उत्तराबाई पुढे आल्या. "आत्ता अंगाला गार लागलं ना?"

"लागलं."

"माझा पदर हलला?"

"नाही बुवा."

"मग झुळूकच आली की. नाव राहू दे." मग नवऱ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, जिच्यानं पदर हलत नाही, तिच्यानं अख्खी साडी कशी उडेल? आणि तीही माझी!"

त्यांनी स्वतःच साडी ओढून काढली. टाळ्या पडल्या. श्यामकांतांनी निमूटपणे गार वडा उचलला.

पाटी आजही दिमाखात झळकते आहे. मात्र रिक्षावाल्याला 'झुळूक' म्हटले, तर तो कपाळाला आठ्या घालतो. 'साडीवाली बिल्डिंग' म्हटले, की थेट फाटकाशी आणून सोडतो. अलीकडे शरच्चंद्रही तसेच सांगतात. फक्त आवाज जरा खाली आणून.